पूजेत बसलेला पाना

"कुंकू अजून ओलं आहे हो," मॅनेजरसाहेब फोनवर म्हणाले. "भटजी आत्ताच गेले. आता साहित्य उठवायचं कसं?"

मी संकेश्वर सोडून बेळगावच्या बाजूला, हायवेच्या कडेला उभा होतो. समोर दोन घोडे भरलेला ट्रेलर उजवीकडे कलला होता. त्याचा मागचा उजवा टायर पार रिमवर बसला होता. आत दोन जनावरं आणि एक माणूस. बाहेरून, हाताच्या अंतरावरून, ट्रक भरधाव चाललेले. आणि माझ्या गाडीत, म्हणजे रस्त्यात अडलेल्याला मदत करायचाच पगार घेणाऱ्याच्या गाडीत, जॅक नव्हता की पाना नव्हता. सगळं टोलनाक्याच्या ऑफिसात पाटावर, झेंडूच्या फुलांखाली मांडलेलं होतं. खंडेनवमीचा दिवस होता.

फौजेत सोळा वर्षं मी गाड्या दुरुस्त केल्या. तिथून सुटल्यावर हायवेवर रूट पेट्रोलची नोकरी धरली. रूट पेट्रोल म्हणजे टोल कंपनीची पिवळ्या दिव्याची गाडी. रस्त्यात बंद पडलेल्या गाडीमागं उभं राहायचं, शंकू लावायचे, टायर बदलायला हात द्यायचा, नाहीच जमलं तर क्रेन बोलवायची. काम साधं आहे. ते अवघड करायला हुशार माणसं लागतात, आणि ती आमच्याकडं भरपूर होती.

खंडेनवमीचं सांगतो. आमच्याकडं त्या दिवशी ज्याच्या-त्याच्या हत्याराची पूजा असते. शेतकरी विळा-खुरपं मांडतो, शिंपी कात्री मांडतो, गॅरेजवाला पाने मांडतो. मांडलेलं हत्यार दसऱ्याच्या सकाळी पूजा हलवेपर्यंत उचलायचं नाही असा रिवाज आहे. रिवाजाला माझी हरकत नाही. एक दिवस विळा बसून राहिला म्हणून गवत कुठं पळून जात नाही. पण टायर पंचांग बघून बसत नाहीत, एवढी गोष्ट पुण्या-बेंगळूरूच्या रस्त्यावर टोल घेणाऱ्या कंपनीला कळायला हरकत नव्हती. अर्थात मलाही कळली नव्हती. त्या सकाळी टूलबॉक्स मीच पाटावर ठेवला, नमस्कार केला, पेढा खाल्ला आणि रिकामी गाडी घेऊन ड्यूटीवर निघालो. तेव्हा इथल्या शिव्यांतली पहिली माझ्या नावावर लिहा.

ट्रेलर निपाणीकडच्या रावसाहेबअण्णांचा. तंबाखूचा मोठा व्यापार, घोड्यांचा शौक, पांढरे कडक कपडे, काळा चष्मा. दुसऱ्या दिवशी खानापूरकडच्या एका गावात सीमोल्लंघनाला पालखीपुढं त्यांची घोडी चालणार होती, म्हणून जीपला ट्रेलर जोडून स्वतःच निघालेले. ट्रेलर नवाकोरा, मुद्दाम करवून घेतलेला. बाजूला घोडीचा माणसाएवढा फोटो, खाली "नाद करायचा न्हाय", चारी बाजूंनी रंगीत दिवे. एवढ्या दिव्यांत टायर बसल्याचं सांगणारा एकही नव्हता, त्यामुळं अण्णांनी तो बराच लांबपर्यंत तसाच ओढत आणला होता.

"अण्णा, तुमचा पाना कुठं आहे?" मी विचारलं.

"घरात. पूजेला बसवलाय."

"जॅक?"

"त्योबी तिथंच. स्टेपनी तेवढी हाय, जड म्हणून तिची जाग्यावरच पूजा केली."

ट्रेलरच्या पुढच्या बाजूला, जाळीवर, स्टेपनी बोल्टनं आवळलेली होती. तिच्या अंगावर एवढा जाड हार होता की रबर दिसत नव्हतं.

ट्रेलरच्या पुढच्या खिडकीतून मी आत डोकावलो. इसाकमामू, अण्णांच्या तबेल्यावरचा साठीचा मोतद्दार, घोडीच्या कपाळाला कपाळ लावून उभा होता. घोडीचं नाव तारा. उजव्या कप्प्यात तारा, डाव्या कप्प्यात शेरा नावाचा घोडा. शेरा उंच बाजूला होता, तो कसाबसा उभा होता. तारा उताराच्या बाजूला. तिचा उजवा खांदा पत्र्याला टेकलेला, अंग घामानं काळं पडलेलं, खाली मुतानं ओला झालेला रबरी गालिचा. दर खेपेला ट्रक गेला की ट्रेलर हलायचा आणि तिचे खूर घसरायचे.

माणसांना वाटतं घोडा बसला तर बसला. अशा अरुंद कप्प्यात घोडा एकदा पडला की त्याला उठता येत नाही. तो पाय झाडतो, स्वतःचे पाय मोडून घेतो आणि पुढ्यात असेल त्याला चिरडतो. तिच्या पुढ्यात मामू होता, दोन फुटांच्या सांदीत.

"मामू, बाहेर या."

"न्हाय साहेब. माझ्याकडं बघत हुबी हाय ती. मी गेलो की ती खाली."

त्यानं मान वळवली नाही. मी पुन्हा विचारलं नाही, कारण तो म्हणत होता ते खरं होतं.

म्हणून मी मॅनेजरसाहेबांना फोन लावला होता. क्रेन पाठवा, निदान टूलबॉक्स पाठवा. नाका तिथून वीस मिनिटांवर. पण क्रेनही पूजेतच बसलेली, आणि साहेबांना कुंकवाची काळजी.

"सर, माणूस आत अडकलाय."

"मग घोडे खाली उतरवा ना! सोपं आहे."

"हायवेवर?"

"कडेला उतरवा. आणि एक फोटो काढून ग्रुपवर टाका. रिस्पॉन्स टाइम दिसायला पाहिजे."

घाबरलेला घोडा हायवेच्या कडेला उतरवणं म्हणजे काय, ते साहेबांना फोटोत कळलं नसतं. हॉर्न वाजला की दोरी तोडून तो पहिल्यांदा रस्त्यावर पळतो. मग समोरून येणारी मोटारसायकल, बस, जे असेल ते. घोडा भरलेला असताना टायर बदलायचा तर घोडा आतच ठेवून बदलायचा, हा साधा नियम आहे. मी फोन ठेवला. फोटो काढला नाही.

शंकू तेवढे गाडीत होते. शंकूंना कुणी हत्यार मानत नाही, म्हणून ते वाचले होते. मी मागं शंभर पावलं चालत जाऊन शंकू लावायला लागलो. रस्ता रुंदीकरणाचं काम चालू असल्यानं कडेची पट्टी रुंद होती, पण सगळी भुसभुशीत मुरमाची.

मी पाठ वळवली तेवढ्यात अण्णांनी पराक्रम केला. पुण्याची एक कार दया येऊन थांबली होती. त्या कारवाल्याकडून त्यांनी जॅक मागून घेतला. पाना त्याच्याकडंही होता, पण तो ट्रेलरच्या नटांना बसेना. तरी अण्णा थांबले नाहीत. चार माणसांची कार उचलायचा तो टीचभर जॅक त्यांनी दोन घोड्यांच्या ट्रेलरखाली, मोकळ्या मुरमावर लावला आणि फिरवायला लागले. एका हातानं. दुसऱ्या हातात मोबाइल होता, रेकॉर्डिंग चालू.

मी ओरडलो. ट्रकच्या आवाजात ते कुणाला ऐकू जाणार?

ट्रेलर दोन बोटं वर आला, जॅक मुरमात रुतला, आडवा झाला आणि ट्रेलर धाडकन खाली बसला. तारा किंचाळली. आत पत्र्यावर तीन-चार लाथा बसल्या. मग घोडीच्या छातीपुढची आडवी दांडी वाकल्याचा आवाज आला. मामूचा आवाज आलाच नाही.

पळत जाऊन खिडकीला लटकलो. दांडी आणि पत्रा यांच्यामध्ये मामूचा डावा खांदा दाबला गेला होता. घोडी अजून उभी होती. त्याचा उजवा हात तिच्या नाकावर होता.

"काय न्हाय साहेब," तो म्हणाला. "हाड गेलं वाटतंय. पर हुबी हाय ती."

मी खाली उतरलो. अण्णा म्हणाले, "मला वाटलं बारक्या जॅकनं हुईल."

"अण्णा," मी म्हणालो, "आता तुम्ही दोन्ही हात खिशात घाला आणि काढू नका."

वयानं, पैशानं, वजनानं सगळ्याच बाजूंनी मोठा माणूस. पण त्यांनी खरोखरच हात खिशात घातले. पुण्याचा कारवाला आपला वाकडा जॅक घेऊन निघून गेला. त्याचा काही दोष नव्हता.

जवळपासचे दोन गॅरेजवाले मला ठाऊक होते. एकानं फोनच उचलला नाही. दुसऱ्यानं उचलून "उद्या सकाळी सात वाजता बघू" म्हणून सांगितलं, जणू मी चप्पल शिवायला टाकत होतो. मग मी शांताक्काला फोन लावला. सर्व्हिस रोडवर तिचं पंक्चरचं दुकान. नवऱ्याची कंबर धरल्यापासून पंधरा वर्षं हीच बाई ट्रकचे टायर उतरवते-चढवते. नवरा दुकानात बसून सल्ले देतो. मी सगळं सांगितलं. पलीकडून नवऱ्याचा आवाज ऐकू आला.

"अगं, पूजा मोडती. पान्याला हात लावू नगंस."

"पूजा मोडंल न्हायतर मान्साचा जीव मोडंल," आक्का त्याला म्हणाली. "कायतरी एक मोडणारच हाय. तुमी सांगा कुठलं मोडू?"

सल्ल्यासाठी न थांबता ती मला म्हणाली, "आले रं फौजी. तवर कुणाला हात लावू दिऊ नगंस."

दहा मिनिटांत ती मोपेडवरून आली. पायाशी पोत्यात गुंडाळलेला मोठा पाना, त्याचा लांब दांडा आणि टॉमी, म्हणजे पहार. पान्यावर हळद-कुंकू तसंच. पुसायलाही ती थांबली नव्हती. आल्या-आल्या ती बसलेल्या टायरकडं गेलीच नाही. सरळ स्टेपनीकडं गेली, हार बाजूला सारला आणि अंगठ्यानं दाबलं. रबर आत गेलं.

"ह्यात हवा न्हाय."

अण्णा म्हणाले, "आसं कसं? सकाळी तर पूजा केली की तिची!"

आक्का स्टेपनीचा बोल्ट सोडवायला लागली. अण्णांना नावं ठेवायचा हक्क मलाही नव्हता, कारण अर्धा तास त्या स्टेपनीशेजारी उभा राहून मीही हारच बघत होतो. फौजेत असतो तर यासाठी मला मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या असत्या, आणि बरोबर लावल्या असत्या.

स्टेपनी खोलून आम्ही तिच्या मोपेडच्या मागं बांधली. "कंप्रेसरबी पूजेत हाय," ती जाता-जाता म्हणाली. "त्येलाबी उठवते." पाना मला ठेवून ती हवा भरायला गेली.

आता जॅकशिवाय ट्रेलर उचलायचा होता. उपाय जुना आहे. अशा ट्रेलरला प्रत्येक बाजूला एकामागं एक दोन चाकं असतात. मागचं बसलं असेल तर पुढचं चांगलं चाक उंचावर चढवायचं. ते चढलं की ट्रेलरची ती बाजू उचलली जाते आणि मागचं चाक अधांतरी लोंबतं. जॅक घसरायची भीती नाही, कारण जॅकच नाही. लागतात फक्त लाकडं आणि डोकं.

लाकडं समोर होती. रुंदीकरणातल्या मोरीच्या कामावर सेंट्रिंगच्या फळ्यांची चळत लावलेली, काम बंद, राखणीला एक म्हातारा वॉचमन. त्याला सांगितलं तर तो म्हणाला, "फळ्यांची पूजा न्हाय केली आमी. न्या." त्या दिवशी भेटलेला हा दुसरा शहाणा माणूस. फळ्या आणायला मी अण्णांना खिशातून हात काढायची परवानगी दिली. पांढऱ्या सदऱ्यावर सिमेंट लागलं.

डाव्या चाकांच्या पुढं-मागं दगड टेकवून ठेवले. पुढच्या उजव्या चाकासमोर खाली लांब फळ्या, वर आखूड, त्यावर आणखी आखूड, अशा पायऱ्या रचल्या. मग बसलेल्या चाकाचे नट सैल केले. नट नेहमी चाक जमिनीवर असतानाच सैल करायचे. अधांतरी चाक नुसतं फिरत राहतं. एकेक नट करकरत सुटला. माझे तळवे लाल झाले तेव्हा अण्णा घाबरून म्हणाले, "रगात आलं व्हय?" कुंकू होतं.

दर नटामागं मी आत हाक मारत होतो. "मामू?"

"हाय साहेब."

शेवटच्या नटाला उत्तर यायला वेळ लागला. आवाज बारीक झाला होता. खिडकीतून मी पाण्याची बाटली धरली. त्यानं आधी ओंजळभर पाणी ताराच्या तोंडाला लावायला सांगितलं. मग स्वतः दोन घोट प्यायला. त्याचे ओठ पांढरे पडले होते. मला त्या क्षणी मॅनेजरसाहेबांना, अण्णांना आणि त्या पेढ्याला एकत्र बांधून मोरीत टाकावंसं वाटलं.

आक्का भरलेली स्टेपनी घेऊन आली. मी पुढचे दगड काढले आणि जीपमध्ये बसलो. अण्णा स्टिअरिंगकडं निघाले होते, आक्कानं त्यांना दंडाला धरून बाजूला केलं. तिनं हात वर केला. मी पहिल्या गिअरमध्ये, क्लचवर, बोटभर-बोटभर जीप सरकवली. आतून मामूचं एकसारखं पुटपुटणं ऐकू येत होतं, "हुं बाळा, हुं, हुं." चाक पहिल्या फळीवर चढलं. दुसऱ्या. ट्रेलर हलला, एक लाथ बसली, मी थांबलो. मग तिसऱ्या. आक्कानं मूठ आवळली. मी ब्रेक लावला, गिअर तसाच ठेवला, पुन्हा सगळीकडं दगड.

चाक लोंबलं. मी नट काढले, फाटका टायर बाहेर आला. आणि भरलेली स्टेपनी आत जाईना. ही खोच नवख्याला माहीत नसते. बसलेला टायर निघायला जेवढी उंची लागते त्यापेक्षा भरलेला टायर बसायला जास्त लागते. पुन्हा जीप हलवण्यात अर्थ नव्हता, तारानं आता ते सहन केलं नसतं.

"वर जाईना तर खाली जाऊ," आक्का म्हणाली आणि पदर खोचून गुडघ्यांवर बसली. टॉमीनं तिनं चाकाच्या जागेखालचा मुरूम उकरायला सुरुवात केली. मी हातांनी माती ओढत होतो. तिच्या पाठीला लागून ट्रक जात होते. तिनं एकदाही मागं बघितलं नाही. चार बोटं खड्डा झाला, स्टेपनी सरकली, भोकं जुळली. नट हातानं लावले, जीप हळूच फळ्यांवरून पुढं उतरवली, मग समोरासमोरचे नट आवळले.

ट्रेलर सपाट झाला. तारानं मोठा श्वास सोडला, इतका मोठा की बाहेर ऐकू आला. ताराचं वजन उतरल्यावर आता वाकलेली दांडी आम्ही टॉमीनं मागं ओढली. मामू मोकळा झाला, बाहेर आला आणि जमिनीवर बसला. उजव्या हातानं डोळे पुसत होता. "पडली न्हाय," एवढंच म्हणत होता. आक्कानं पोत्याचं फडकं फाडून त्याचा हात गळ्यात बांधला.

अण्णा म्हणाले, "मामू, बसा आता आत, उशीर हुतोय."

"तो आत बसणार नाही," मी म्हणालो. "तो जीपमध्ये बसणार. पुढं. आणि बेळगावात आधी दवाखाना."

जीपच्या सीटला पांढरी कव्हरं होती. अण्णांनी मामूच्या लीद-मुतानं माखलेल्या कपड्यांकडं बघितलं, कव्हरांकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. माझ्या हातात अजून पाना होता. मामू पुढं बसला.

मी आक्काला सोडायला तिच्या मोपेडमागं दुकानापर्यंत गेलो. तिनं पाना होता तसा, मुरूम आणि ग्रीससकट, पुन्हा देवापुढं पाटावर ठेवला. नवरा म्हणाला, "धू तरी."

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "काय काम करून आलाय त्ये देवाला बी दिसू दे." आणि ग्रीसवरच कुंकवाचं बोट लावलं.

मामूचं खांद्याजवळचं हाड मोडलं होतं. तरी दसऱ्याला तोच ताराला घेऊन पालखीपुढं चालला, हात गळ्यात बांधून, कारण तिनं दुसऱ्या कुणाला लगाम धरू दिला नाही. फेटा अण्णांना बांधला गेला. त्यांच्या मोबाइलच्या स्टेटसला "संकटावर मात" असा व्हिडिओ आला, त्यात जॅक फिरवणारे ते होते. ट्रेलर खाली बसतो तिथं व्हिडिओ संपतो.

मला कंपनीकडून मेमो मिळाला. पूजेच्या प्रसंगी वरिष्ठांशी चढ्या आवाजात बोलल्याबद्दल आणि फोटो न टाकल्याबद्दल. मी उत्तर लिहिलं, "दोन्ही आरोप खरे आहेत." पुढच्या खंडेनवमीला साहेबांनी सुधारणा केली. खास पूजेसाठी चकचकीत नवा टूलसेट मागवला, म्हणजे जुना गाडीत राहील. हिशेबानं बरोबर होतं. पण तपासणीला कंपनीचे वरचे साहेब येणार म्हणून नवा सेट गाडीत गेला आणि जुना पाटावर. नव्यातला पाना मी सहज आमच्याच गाडीच्या नटाला लावून बघितला. तो बसला नाही. त्या दिवशी मी आक्काकडून पाना मागून गाडीत ठेवला आणि कुणाला सांगितलं नाही.

मामू आता तबेल्यावर हलकी कामं करतो. हाड वाकडं जुळलं, डावा हात खांद्याच्या वर जात नाही. पण ट्रेलर या रस्त्यानं निघाला की तो आक्काच्या दुकानापाशी थांबवतो, खाली उतरतो आणि उजव्या अंगठ्यानं स्टेपनी दाबून बघतो. अण्णा जीपमध्ये बसून घड्याळ बघत राहतात. हार घालायच्या आधी हवा बघावी, एवढंच शिकायचं होतं, आणि ते शिकला तो एकटा ज्याचं हाड मोडलं.